शेवटची ओळ दुसऱ्याची

आक्का, तुझ्या दोन ओळी माझ्याकडे अडकून पडल्यात. तू गेलीस त्या दिवशी दुपारी पाठवलेल्या.

दार उघडे
आत कोण बोलते

तिसरी मी द्यायची होती. पाच अक्षरं, तीही दिवेलागणीच्या आत, असा आपला रिवाज. वकीलसाहेबांच्या ऑफिसात डबा खाता खाता मी त्या वाचल्या, अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली, पाच आणि सात बरोबर भरली. म्हटलं, घरी जाता जाता सुचेल काहीतरी. दिवेलागण व्हायच्या आत तुझ्या शेजारणीचा फोन आला. तू खुर्चीत बसल्या बसल्या गेली होतीस. टेबलावर फोन तसाच आडवा पडलेला होता म्हणे. तो आडवा का होता ते शेजारणीला काय ठाऊक! तू मोबाइलसुद्धा टेबलावर निजवून दोन्ही हातांनी टाइप करायचीस, दहा बोटं त्या एवढ्याशा काचेवर मावत नसली तरी.

त्या दिवसापासून मला भीती वाटते. दुःख आहेच, ते काय सांगायचं. पण त्याच्याआधी भीती आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, डोळे तपासून घे. डोळ्यांचा काय संबंध, ते त्यालाच माहीत.

तुला नेल्यावर रात्री मी पुन्हा तुझ्या घरी आले. अंगणात बादली ठेवलेली होती. कुणीतरी बाई उंबऱ्याशी उभी होती. ती मला म्हणाली, "पाय धुवा की." मी वाकले, तांब्या उचलला, आणि माझा अंगठा आपोआप पेरांवरून फिरला. पाच. दार उघडे, आत कोण बोलते, पाय धुवा की. तांब्या माझ्या हातातून सुटला. बाईला वाटलं, मला भोवळ आली. तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं आणि साखरपाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे भांड्याला येणारी बाई काम उरकून पदराला हात पुसत निघाली. ती रोज म्हणते तेच म्हणाली, "उद्या येते मी." रोज म्हणते, आक्का! कितीतरी वर्षं म्हणते. मी कधी मोजलं नव्हतं. आता मोजलं. मग ऑफिसात साहेब एका अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "सही राहिली." येताना रिक्षावाला मागच्या सीटवरच्या बायकांना म्हणाला, "पुढं सरका." सगळी पाच-पाच अक्षरं. सगळं गाव त्या तुझ्या दोन ओळींना तिसरी लावायला निघालं होतं, आणि गंमत अशी की प्रत्येक ओळ बसत होती. वेडीवाकडी बसत होती, पण अंगावर काटा यावा अशी बसत होती. दार उघडे, आत कोण बोलते, सही राहिली. तूच सांग, हे काय चांगलं लक्षण आहे?

मी लोकांशी कमी बोलायला लागले. कानात कापसाचे बोळे घालून स्वयंपाक केला. कुकरची शिट्टी तेवढी अक्षरं नसलेली. तिचा केवढा आधार वाटला.

याला तूच कारणीभूत आहेस. मी तुझ्याकडे आले ती टायपिंग शिकायला. गावाच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत तेव्हा समोरच्या घरात माग खडखडायचे आणि तुझ्या क्लासात मशिनी, आणि दोन्हींच्या मधे तू छडी न घेता नुसत्या नजरेनं वीस पोरी ताब्यात ठेवायचीस. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि पोरींना रागावताना दोन्ही. पुढं मला नोकरी लागली, लग्न झालं, कॉम्प्युटर आले, तुझा क्लास बंद पडला, मशिनी भंगारवाल्यानं नेल्या. एक तेवढी तू ठेवलीस. किती तरी वर्षांनी मी तुला सहज भेटायला आले, तर तू त्या एका मशिनीसमोर बसून छोट्या छोट्या कविता टाइप करत होतीस. मी म्हटलं, "मॅडम, मलाही शिकवा की." तू म्हणालीस, "शिकवते. पण मॅडम नको, आक्का म्हण. आणि तुम्ही म्हणू नको, तू म्हण. एक अक्षर वाचतं."

चार माणसांत मी तुला 'तुम्ही'च म्हणत राहिले. तुझ्या खोलीत मात्र 'तू'.

पहिली हायकू मी लिहिली ती आठवते? पाच-सात-पाच अक्षरं, एवढंच तू सांगितलं होतंस. मी टायपिस्ट. माझ्या लेखी बोट पडलं की एक. काना वेगळा, उकार वेगळा, अर्धं अक्षर वेगळं, आणि दोन शब्दांमधली मोकळी पट्टीसुद्धा मी धरली. मोठ्या ऐटीत कागद पुढं केला.

दुपार
गल्ली गप
मी एक

तू चष्मा कपाळावर सारलास. "ही कविता हाय का तार? कोण गेलं म्हणायचं?" मग कारण कळल्यावर इतकी हसलीस की तुला ठसका लागला. पण तो कागद तू फाडू दिला नाहीस. म्हणालीस, हिच्यात अक्षरं कमी आहेत, माणूस आहे. मला तेव्हा ते कौतुक वाटलं. आता वाचवत नाही.

मग आपला तो नियम ठरला. आपण उघडलेली कविता आपण मिटवायची नाही. शेवटची ओळ दुसरीनं द्यायची. हायकूची तिसरी, चारोळीची चौथी, अभंगाचं ते तोकडं चौथं चरण. तू म्हणायचीस, एकटीनं लिहिलं की माणूस आधीच शेवट ठरवून बसतं आणि मग वरच्या ओळी त्या शेवटाच्या मागं मुकाट चालतात. दुसरीच्या हातात शेवट दिला की आपल्यालाच कळत नाही, आपण कुठं पोचणार. मी म्हटलं, हे लई धोक्याचं आहे. "मग धोका नको तर पाककृती लिही," तू म्हणालीस.

आपलं भांडणही तिथंच सुरू झालं. अभंगाचा सहा-सहा-सहा-चारचा साचा शिकवत होतीस. तू तीन चरणं दिलीस.

ऊन उभे दारी । छाया शिरे घरी । कोण हाक मारी ।

मी फार विचार केला आणि चार अक्षरं लावली: शेजारीण ॥

तू कपाळावर हात मारून घेतलास. "अगं, विचारलं कोण, तर तू पत्ता देऊन मोकळी!" मी म्हटलं, विचारलं म्हणूनच सांगितलं. आमच्या ऑफिसात अर्ज कितीही लांबला तरी शेवटी लिहावंच लागतं, अर्जदाराला काय पाहिजे ते. वाचणाऱ्याला शेवटी कळलं पाहिजे. तू म्हणालीस, "कळलं की संपलं. राहू दे की जरा उघडं." पुष्कळ रुसवेफुगवे झाले. शेवटी मी 'नावाविना' दिलं आणि तू खूश झालीस. मी मात्र अजून म्हणते, शेजारीण वाईट नव्हती. दुपारी हाक मारणारी शेजारीणच असते.

एक विचारायचं मात्र राहून गेलं. तुझ्या प्रत्येक कवितेत दाराशी कोणीतरी असायचं. कोण हाक मारतंय, कोण कडी वाजवतंय, कोण आत बोलतंय. ते कोण गं? एकदा चारोळीच्या तीन ओळी आल्या.

मशिनी विकून टाकल्या
बोटं चालूच राहतात
दुपारी जुनी अक्षरं

मी चौथी पाठवली: घर शोधत येतात. मला ती आपली बरी वाटली होती, यमक जुळलं म्हणून. तुझं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तर तू म्हणालीस, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, काय? तू म्हणालीस, "येतात गं खरंच. जेवून आडवी झाले की ऐकू येतात. वीस मशिनी. मधेच घंटी, मग मशिनीचा गाडा मागं सारल्याचा आवाज. पोरी अजून टाइप करतात." बाहेर रखरखीत ऊन होतं. तुझा चेहरा अगदी साधा होता, दुधाचा हिशेब सांगावा तसा. मी विषय बदलला. चहा ठेवू का म्हटलं. तू हसलीस, म्हणालीस, ठेव, पण पोरींना नको, त्यांची वेळ झाली नाही.

त्या दिवशी मी घरी आल्यावर देवाला दिवा लावला आणि बराच वेळ तिथंच बसले.

रुबाई आपली राहूनच गेली. चार ओळी, पहिली-दुसरी-चौथीला यमक, तिसरी मोकळी. तू म्हणायचीस, तिसरी ओळ रुसून घराबाहेर पडते आणि चौथी तिला परत आणते. मला ती तिसरी कधी जमली नाही. मी तिलाही यमकात ओढायची. उन्हाळा सरला की शिकू, असं ठरलं होतं.

तर आता तुझी धाकटी बहीण. अक्कलकोटाकडं दिलेली, रत्नामावशी. तिला मी तुझ्या तोंडून ऐकून होते, बघितली नव्हती; तुला नेलं तेव्हा ती पोचलीच नव्हती. तेराव्याला लोकांना द्यायला तुझ्या फोटोचं कार्ड छापायचं आहे आणि त्यावर तुझी शेवटची कविता हवी, असा तिचा निरोप आला. फोनवर तिचा मुलगा बोलला. छापणाऱ्याला मजकूर लगेच द्यायचा होता. कविता पुरी करून द्या म्हणाला. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुरी कशी करू? तू गेल्यावर माझ्याजवळ तुझी एवढी एकच चालू गोष्ट होती. ती ओळ दिली की आपलं देणंघेणं मिटलं, मग तू कुणाची वाट बघणार आणि मी कुणाची? आणि न द्यावी, तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ती द्यायला येत होता. मला एका बाजूला वाटायचं, ही तूच आहेस, माझ्या मागं लागलीस. दुसऱ्या बाजूला वाटायचं, असेना का, लाग. निदान आहेस तरी.

शेवटी ठरवलं, समोरासमोर जाऊन सांगायचं की माझ्याच्यानं होणार नाही. काल दुपारी रजा टाकून आले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पत्रे तापून कडकड वाजत होते. समोरचे माग कधीच बंद पडलेत, तरी मला उगाच वाटलं, ते आत्ताच थांबले.

तुझं दार उघडं होतं. सताड.

आणि आत कोणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते. तेलुगू होतं का कानडी, काय कोण जाणे. पण आवाज तुझा होता, आक्का. थोडा नाकात, शेवटचा शब्द जरा ओढून. मी उंबऱ्यापाशी खिळून उभी राहिले. बाहेरच्या उन्हामुळे आतलं काही दिसत नव्हतं. तुझी खुर्ची मात्र दिसत होती, पाठमोरी, आणि तिच्या पाठीवरून खाली आलेला करड्या साडीचा पदर. ती साडी मी चांगली ओळखते. माझ्याबरोबर घेतली होतीस. मी रंग नको म्हणत होते.

मला वाटलं, मी ओरडले. पण तोंडातून निघालं ते कुजबुजण्याएवढंच. "कोण आहे आत?"

बोलणं थांबलं. मग तुझा आवाज म्हणाला, "मीच की हितं."

अंगठा फिरला. मी त्याला फिरवलं नाही, तोच फिरला. पाच.

दार उघडे
आत कोण बोलते
मीच की हितं

खरं सांगू? त्या क्षणी भीती पार निघून गेली. मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटावी. मी म्हटलं, आली. आलीच की माझी आक्का.

पदर वळला. रत्नामावशी होती. तोंडावळा तुझाच, पण दात पुढं आणि कुंकू मोठं. हातात फोन, गावी कुणाशी तरी बोलत होती. "ये की आत. अशी काय बघतीस? भ्यालीस व्हय?" मी चौकट धरून उभीच. ती म्हणाली, "आक्काची साडी बघून व्हय? माजी पिशवी यष्टीत राहिली बग. मग म्हटलं, तिचंच नेसावं. आमी ल्हानपनापासनं एकमेकीचं नेसतो." तिनं मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ओळी सांगितल्या, पाच अक्षरांचं सांगितलं, आणि मी दारात असताना ती आत्ता काय बोलली तेही.

ती बोटांवर मोजत बसली. तुझ्यासारखीच, अंगठ्यानं. दोनदा मोजलं. मग तिचे डोळे भरून आले. "अगं मग झाली की पुरी! आक्काच बोलली म्हन माज्या तोंडानं. तिनंच मला हितं बसवलं, तिनंच बोलवून घेतलं. हेच छाप म्हनते मी. लोकं वाचतील तर म्हनतील, आक्का हाय अजून घरात."

आणि मला ते हवं होतं, आक्का. किती हवं होतं म्हणून सांगू. तेवढं मान्य केलं असतं की सगळं सुटत होतं. पाय धुवा की, उद्या येते मी, सगळ्यांचा अर्थ लागत होता. तू बोलत होतीस, मिळेल त्या तोंडानं बोलत होतीस, आणि शेवटी बहिणीच्या तोंडानं घरात येऊन बसलीस. मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

आणि मग मला ती गोष्ट आठवली. लेकीच्या बाळंतपणाला मी सांगलीला गेले होते. निघायच्या दिवशी तू दोन ओळी दिल्या होत्यास आणि त्या गडबडीत माझ्याकडून राहून गेल्या. बाळ झालं, बारसं झालं, मी परत आले, तोवर ऋतू बदलला होता. तुझ्या मशिनीत तोच कागद, त्याच दोन ओळी, खाली कोरं. कागदावर धूळ बसलेली. मी म्हटलं, अगं, एवढ्या दिवसांत तुला ओळ सुचली नाही? तू म्हणालीस, "सुचल्या की. रोज सुचायच्या. पण ती ओळ माझी न्हाय. मी उघडलेलं मीच लावलं, तर तुला हाक कशाला मारली?" आणि दुसरं काही लिहायला तू तो कागद काढलासुद्धा नव्हतास. तेवढे दिवस तू काहीच लिहिलं नव्हतंस.

अशी तू. तुझी शेवटची ओळ तू कधी दिली नाहीस. कधीच नाही, माझ्यासाठी नाही, लाडानं नाही, चुकूनही नाही. मग आता कशी देशील?

म्हणजे आतून बोलली ती तू नव्हतीस. पाय धुवा म्हणाली ती तू नव्हतीस. माणसं आपली बोलत होती आणि मी मोजत होते. तू कुठंच नव्हतीस, आक्का.

तुला नेलं तेव्हा मी रडले नव्हते. काल रडले. रत्नामावशीच्या खांद्यावर, तुझ्याच साडीत तोंड खुपसून. ती बिचारी पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिला वाटलं, मी आनंदानं रडतेय.

मग मी तोंड धुतलं आणि तिला म्हटलं, मावशी, ती ओळ नाही चालायची. ओळ मी देते. ती म्हणाली, "दे की मग, छापनारा खोळंबलाय." मी तुझ्या खुर्चीसमोर उभी राहिले. मला पाहिजे असती तर तुझ्या पसंतीची देता आली असती. अर्धवट, धुकट, दार लोटून ठेवणारी. इतक्या वर्षांत तेवढं तर शिकले आहे. पण मला खरं तेच द्यायचं होतं. तू विचारलंस कोण, तर सांगायचं होतं. अर्जाच्या शेवटी लिहितात तसं, स्पष्ट.

मी मोठ्यानं म्हटलं:

दार उघडे
आत कोण बोलते
कोणीच नाही

रत्नामावशी म्हणाली, "अगं बया. असं कसं छापायचं? मानसं रडतील की." मी म्हटलं, रडू देत. ती पुटपुटत चहा ठेवायला आत गेली.

मी तिथंच थांबले. उत्तर देऊन बसलेय, आक्का. तू कोण विचारलंस आणि मी पुन्हा पत्ता दिला. मला माहीत होतं, तुला ही ओळ अजिबात आवडणार नाही. कपाळावर हात मारून घेशील, म्हणशील, मिटवलंस की गं सगळं, जरा उघडं ठेवायचं होतं. मी वाट बघत होते तुझ्या रागावण्याची. रागावली असतीस तर मी ओळ बदलली असती, शपथ. तू म्हणशील ती दिली असती.

मी बराच वेळ उभी होते. तू काहीच म्हणाली नाहीस.